जुन्या चेनसॉचे पांढरे पडलेले भाग : सफाई आणि दुरुस्ती

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



आज आपण चेनसॉबद्दल बोलणार आहोत. कोणी याला साखळी करवत म्हणतं, कोणी नुसतं कटर म्हणतं. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हे यंत्र आता बऱ्याच वस्त्यांवर दिसतं. जुनी डाळिंबाची बाग काढायची असते, राहात्याकडे पेरूची म्हातारी झाडं छाटायची असतात. कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे वेडी बाभूळ बांध सोडून वावरात शिरलेली असते. वादळात आंबा नाहीतर चिंच आडवी होते. अशा वेळी कुऱ्हाडीनं दोन दिवसांचं काम हे यंत्र दोन तासांत उरकतं.

नवं यंत्र महाग, म्हणून पुष्कळ जण जुनं घेतात, किंवा घरातलंच दहा-पंधरा वर्षांचं यंत्र चालवतात. त्यात काही गैर नाही. पण जुनं यंत्र उघडलं की आतून एक गोष्ट हमखास दिसते. धातूवर पांढरी भुकटी जमलेली असते, रंगाला फोड आलेले असतात, आणि रंग खरवडला की खाली खड्डेच खड्डे. शेतकरी म्हणतो, ‘ॲल्युमिनियम आहे, थोडं पांढरं होणारच.’ आणि लोखंडाला लावतो तोच इलाज त्यालाही लावतो. इथंच नुकसान होतं. कारण तो धातू बहुतेक वेळा ॲल्युमिनियम नसतो, मॅग्नेशियम असतो. दोघं दिसायला सख्खे भाऊ, पण स्वभाव वेगळे.

मॅग्नेशियम कशासाठी वापरतात?

हे यंत्र हातात धरून चालवायचं असतं, म्हणून वजन कमी हवं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. तेवढ्याच आकाराचा लोखंडाचा ठोकळा जवळजवळ आठ किलो भरतो, ॲल्युमिनियमचा पावणेतीन किलोच्या आसपास आणि मॅग्नेशियमचा पावणेदोन किलोच. म्हणून चांगल्या चेनसॉची क्रँककेस, म्हणजे इंजिनची खालची पेटी, आणि कित्येक यंत्रांत बाजूची झाकणं, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची ओतलेली असतात. काही जुन्या नमुन्यांत तेलाची आणि पेट्रोलची टाकीसुद्धा त्याच ओतकामात असते. सिलिंडर आणि पिस्टन मात्र ॲल्युमिनियमचे असतात. पाठीवरच्या काही पॉवर स्प्रेअरच्या इंजिनांतही हा धातू असतो, तेव्हा आजची माहिती तिकडेही उपयोगी पडेल.

ओळखायचं कसं? भाग सुटा करून हातात घ्या. आकाराच्या मानानं फार हलका लागेल. खात्री करायची तर आतल्या बाजूला, सांध्यापासून दूर, न दिसणाऱ्या जागी नखाएवढा रंग खरवडा आणि उघड्या धातूवर लिंबाचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर बारीक बुडबुडे यायला लागतील. ॲल्युमिनियम असेल तर थेंब गप्प बसून राहील. परीक्षा झाली की ती जागा लगेच स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडी करावी. बुडबुडे येतात याचा अर्थ लिंबू धातूला खात आहे.

धातू पांढरा का पडतो?

घरावरचा जस्ताचा पत्रा सगळ्यांच्या ओळखीचा. पत्र्यावर ओरखडा गेला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. दोन धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली, की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. यंत्रात वापरल्या जाणाऱ्या सगळ्या धातूंत मॅग्नेशियम हा सर्वांत आधी झिजणारा. चेनसॉला पोलादी स्क्रू आणि पोलादी बोल्ट असतात. ओल मिळाली की ते जसेच्या तसे राहतात आणि त्यांच्याभोवतीचं मॅग्नेशियम खाल्लं जातं. म्हणून खड्डे आधी स्क्रूच्या भोवती पडतात.

नुसत्या ओलीपेक्षा क्षार जास्त वाईट. आपल्याकडे ते तीन वाटांनी येतात.

पहिली वाट खताची. आपण यंत्र कुठं ठेवतो? खताच्या गोण्यांवर, कारण शेडमध्ये तेवढीच जागा मोकळी असते. युरिया, सल्फेट, पोटॅश ही खतं हवेतली ओल ओढून घेतात. म्युरिएट ऑफ पोटॅश तर क्लोराइडच आहे, मिठाचाच सोयरा. त्याची धूळ यंत्रावर बसली की पावसाळ्यात आपोआप खारं पाणी तयार होतं.

दुसरी वाट पाण्याची. कालव्याखालच्या पुष्कळ गावांत जमिनी चोपण झाल्या आहेत आणि विहिरींचं पाणी मचूळ आहे. त्या पाण्यानं यंत्र धुतलं आणि तसंच ठेवलं, तर पाणी उडून जातं आणि क्षार फटीत राहतात.

तिसरी वाट ओल्या भुशाची. ओलं लाकूड कापताना भुसा तेलात भिजून साखळीच्या झाकणाखाली घट्ट बसतो. बाभळीसारख्या तुरट लाकडाचा रस आंबट असतो. हा भुसा महिना-महिना तसाच राहिला, तर पोल्टीस बांधल्यासारखा धातूला ओला ठेवतो. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाळाभर हवाच ओली असते. तिथल्या लोकांनी तर याची दुप्पट काळजी घ्यावी.

आता चौथी वाटही आली आहे, ती पेट्रोलची. २०२५ सालापासून देशातल्या पंपांवर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल परकं नाही. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढं जिल्हाभर कारखाने उभे राहिले. अशाच कारखान्यांच्या उसापासून आणि मळीपासून इथेनॉल होतं. उसाला त्यामुळं भाव मिळतो, ही चांगली गोष्ट. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. टाकीत पेट्रोल दोन-तीन महिने पडून राहिलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरू शकतात. तो थर मॅग्नेशियमला खातो आणि कार्बोरेटरमधले रबरी पडदेही कडक करतो. उपाय सोपा आहे, तो पुढं सांगतो.

हे इतकं मनावर का घ्यायचं?

तुम्ही म्हणाल, थोडे खड्डे पडले तर काय झालं, लाकूड कापलं म्हणजे बस. तर तीन कारणं ऐका.

पहिलं कारण इंजिनचं. चेनसॉचं इंजिन दोन धक्क्यांचं, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, मग सिलिंडरमध्ये जातं. क्रँककेसच्या सांध्यावर खड्डा पडला की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी पडतं आणि पेट्रोलबरोबर येणारं वंगणही कमी पडतं. यंत्र एकदम चढ्या आवाजात पळायला लागतं, दट्ट्या सोडला तरी आवाज लवकर खाली येत नाही. मालकाला वाटतं, ‘वा, काय ताकद आली!’ ती ताकद नव्हे. पिस्टन तापतो, सिलिंडरला चिकटतो आणि इंजिन जागच्या जागी जॅम होतं. काही रुपयांचं पॅकिंग वेळेवर बदललं नाही म्हणून पिस्टन-सिलिंडरचा सगळा खर्च अंगावर येतो. यंत्र असं पळायला लागलं की ताबडतोब बंद करावं.

दुसरं कारण आपल्या जिवाचं. हँडलचे बोल्ट, पाते धरणारे दोन मोठे बोल्ट, साखळीचा ब्रेक आणि तुटलेली साखळी अडवणारी खुंटी हे सगळं या ओतकामावर किंवा त्याच्या झाकणांवर बसवलेलं असतं. पात्याचं टोक लाकडाला लागून यंत्र उसळतं तेव्हा सगळा हिसका या जागांवर येतो. तिथला धातू खाऊन पोकळ झाला असेल, तर नेमक्या त्याच क्षणी तो तुटतो.

तिसरं कारण आगीचं. मॅग्नेशियमचा सबंध तुकडा सहज पेटत नाही. पण त्याची पूड आणि बारीक कीस पेटतो, आणि पेटला तर डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या उजेडानं जळतो. त्यावर पाणी ओतलं तर पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि आग भडकते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचाही उपयोग होत नाही. त्या आगीवर कोरडी वाळू टाकायची. म्हणून काम सुरू करण्याआधी कोरड्या वाळूचं एक घमेलं शेजारी ठेवावं. बिडी, चूल, वेल्डिंग यांच्यापासून लांब, उघड्यावर बसावं. डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं आणि हातात मोजे असावेत.

सफाईची रीत

१. आधी प्लगची टोपी काढा. पेट्रोल डब्यात ओतून घ्या, साखळीचं तेलही काढा. मग साखळी आणि पाते सोडवा. कोणता स्क्रू कुठला, हे कळण्यासाठी पुठ्ठ्यावर यंत्राची आकृती काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवावेत. पुष्कळदा त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर ओतकाम फुटतं.

२. कार्बोरेटरचं तोंड आणि सायलेन्सरचं भोक स्वच्छ चिंधीनं बंद करा. वाळलेला भुसा बांबूच्या कामटीनं काढा. स्क्रू-ड्रायव्हरनं टोकरू नका, ओरखड्यातून पुन्हा गंज शिरतो.

३. तेलकट मळ रॉकेलनं आणि जुन्या दातांच्या ब्रशनं काढावा. रॉकेल आता सहजी मिळत नाही, तेव्हा डिझेल चालेल. पेट्रोल वापरू नये. त्यानंतर साध्या साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन, गोड पाण्यानं खळखळून, लगेच कोरडं पुसावं आणि उन्हात वाळवावं. पाणी शक्यतो पिण्याचं घ्यावं, मचूळ विहिरीचं नको.

४. आता पांढरी भुकटी. नायलॉनच्या ब्रशनं जेवढी निघेल तेवढी काढा. उरलेल्या जागा पाण्यात वापरायच्या पॉलिश पेपरनं, म्हणजे वॉटर पेपरनं, हातानं घासा. आधी २२० नंबर, मग ४००. कागद साबणाच्या पाण्यात भिजवत राहावा, म्हणजे पूड उडत नाही. जो ओला चिखल निघेल तो चिंधीनं पुसून उघड्यावर, वस्तीपासून लांब टाकावा. झाकणाच्या डब्यात भरून ठेवू नये, त्यातून हळूहळू वायू सुटत राहतो.

५. खाली चमकदार, घट्ट धातू लागेपर्यंत घासावं. खड्ड्याच्या तळाशी पांढरी भुकटी राहिली तर रंगाखाली ती वाढतच राहते. लाकडाला वाळवी लागल्यासारखंच हे आहे. वरून सारवून भागत नाही.

काय करू नये

पितळेची भांडी चिंचेनं घासतात, म्हणून कोणी इथंही चिंच लावतात. कोणी लिंबू, ताक, व्हिनेगर, तर कोणी संडास धुण्याचं ॲसिड वापरतात. यांतलं काहीही मॅग्नेशियमला लावू नये. आंबट पदार्थ गंज काढत नाही, धातूच विरघळवतो. लोखंडाचा गंज काढायचं बाजारातलं औषधही ॲसिडच असतं, तेही नको.

कॉस्टिक सोडा मॅग्नेशियमला फारसं करत नाही हे खरं, पण सिलिंडर, पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत आणि ॲल्युमिनियमला सोडा खातो. यंत्रात दोन्ही धातू शेजारी-शेजारी असल्यामुळं साधा साबण हाच बरा.

लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक कण धातूत रुतून बसतात आणि प्रत्येक कणाभोवती नवा खड्डा पडतो. आणि ग्राइंडर तर मुळीच नको. ज्या ग्राइंडरवर रोज लोखंड घासतात, तिथं गंजाची धूळ साचलेली असते. तिच्यात मॅग्नेशियमची पूड मिसळली आणि ठिणगी पडली तर मोठा भडका होतो.

दुरुस्ती : आधी पारख, मग काम

सफाई झाली की भाग उजेडात धरून पाहावा. त्याचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार, वरवरचं पांढरं पडणं. धातू गुळगुळीत आहे, खोल खड्डा नाही. याला नुसता रंग पुरे.

दुसरा प्रकार, खड्डे आहेत पण आरपार नाहीत, आणि जागा जोर येणारी नाही. उदाहरणार्थ झाकणाचा मधला भाग किंवा साखळीच्या तेलाच्या टाकीची बाहेरची बाजू. असे खड्डे दोन भाग मिसळून लावायच्या एपॉक्सी लेपानं भरता येतात. जागा तेलविरहित आणि पूर्ण कोरडी हवी. लेप दाबून बसवावा, चोवीस तास हात लावू नये, मग घासून सारखा करावा. मात्र सिलिंडरच्या बुडाजवळ आणि सायलेन्सरशेजारी फार उष्णता असते, तिथं साधा लेप टिकत नाही. पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं असेल तर तिथंही लेप लावून वेळ मारून नेऊ नये. तो सुटला तर तापलेल्या इंजिनवर पेट्रोल गळतं.

तिसरा प्रकार, जोराच्या जागेवरचा गंज. हँडलचे बोल्ट, पात्याचे बोल्ट, ब्रेकची बैठक. इथं धातू खाल्ला असेल किंवा केसाएवढी जरी चीर असेल, तरी तो भाग बदलायचा. लेप नको, जुगाड नको. भाग मिळत नसेल तर यंत्राला रजा द्यावी. यंत्र दुसरं मिळेल, हाताची बोटं मिळणार नाहीत.

गावातल्या गॅस वेल्डिंगवाल्याकडे हा धातू नेऊ नये. मॅग्नेशियम जोडायला आर्गॉन वायूचं, टिग पद्धतीचं वेल्डिंग लागतं, आणि सळईही मॅग्नेशियमचीच लागते. ते काम करणारा कारागीर आधी विचारतो, ‘धातू कोणता?’ जो विचारत नाही, त्याच्या हातात भाग देऊ नका. आणि धातू मॅग्नेशियम आहे हे आपणही त्याला आधी सांगायचं, नाहीतर आग लागेल ती त्याच्या दुकानात.

अडकलेले स्क्रू आणि गेलेले आटे

स्क्रू अडकला तर जोर लावू नका. आधी फटीत पातळ तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्या जागेभोवती काही मिनिटं गुंडाळा. उष्णतेनं मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून अधिक फुगतं, त्यामुळं पकड सैल होते. मग घट्ट बसणाऱ्या पान्यानं किंचित पुढं, किंचित मागं असं करत काढा. गॅसची ज्योत लावायची नाही.

आटे गेले असतील तर मोठा स्क्रू ठोकून बसवू नये. लेथवाल्याकडे किंवा मोटारसायकल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात तारेच्या स्प्रिंगसारखे आटे बसवून मिळतात, त्याला हेलिकॉइल म्हणतात. मूळ मापाचाच स्क्रू पुन्हा बसतो आणि पकड पहिल्याइतकी मजबूत मिळते.

नवे स्क्रू घेताना चकचकीत स्टेनलेसचे घेऊ नयेत. स्टेनलेस स्वतः गंजत नाही, पण शेजारच्या मॅग्नेशियमला साध्या पोलादापेक्षा लवकर खातं. जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू घ्यावेत आणि डोक्याखाली ॲल्युमिनियमचं वायसर टाकावं. पितळेचं किंवा तांब्याचं वायसर नको, तांब्याची पूड असलेलं ग्रीसही नको. आट्यांना साधं ग्रीस बोटभर लावून स्क्रू बसवला, की पुढच्या वेळी तो मुकाट्यानं सुटतो.

सांध्यांची तपासणी

झाकणाची किंवा कार्बोरेटरकडची बैठक सपाट आहे का, हे पाहायला जाड काचेचा तुकडा घ्या. काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरून त्यावर तो भाग हलक्या हातानं दोन-चार वेळा फिरवा. जिथं चमक आली ती जागा उंच, जिथं आली नाही ती खोल. खड्डा उथळ असेल आणि आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पोचला नसेल, तर नवं पॅकिंग आणि पेट्रोलला टिकणारा पॅकिंगचा पातळ लेप एवढ्यानं काम होतं. खड्डा आरपार गेला असेल तर भाग बदलावा.

क्रँककेसचे दोन अर्धे भाग जिथं मिळतात, ती बैठक मात्र घरी घासू नये. तिथं थोडंसं माप बिघडलं तरी बेअरिंगची ओळ चुकते. ते जाणत्या मिस्त्रीचं काम. मिस्त्रीकडून हवेची तपासणीही करून घ्यावी. सायकलची पंक्चर पाण्याच्या घमेल्यात बुडवून शोधतात, तसंच हे आहे. कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड बंद करायचं, हातपंपानं थोडीशी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की तिथून हवा जाते. दुरुस्तीनंतर ही तपासणी केल्याशिवाय यंत्र जोरात चालवू नये.

रंग

उघडं मॅग्नेशियम रात्रभर तसंच ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात. घासून, धुऊन, वाळवून झालं की त्याच दिवशी अस्तर द्यावं. दोन भागांचं एपॉक्सी प्रायमर सर्वांत चांगलं. पातळ दोन हात द्यावेत, आणि वर इनॅमल किंवा इंजिनचा रंग. पूर्वी या धातूला पिवळं झिंक क्रोमेटचं अस्तर किंवा बायक्रोमेटचं पाणी देत असत. ते विषारी आहे, कुणी सुचवलं तरी घरी वापरू नका.

तीन ठिकाणी रंग लागता कामा नये : पॅकिंगच्या बैठका, बेअरिंगच्या आणि सीलच्या जागा, आणि कॉइल जिथं ओतकामाला टेकते ती जागा. कॉइलचं अर्थिंग तिथून होतं. तिथं रंग गेला तर प्लगला ठिणगी येत नाही, आणि मग माणूस दिवसभर कार्बोरेटर खोलत बसतो.

पुन्हा गंज येऊ नये म्हणून

काम संपलं की त्याच संध्याकाळी झाकण उघडून भुसा काढावा. पाच मिनिटांचं काम आहे. तेलाचं फडकं फिरवून यंत्र कोरड्या फळीवर ठेवावं. खताची खोली, बॅटरी, फवारणीची औषधं आणि गोठा यांपासून लांब.

महिन्याहून जास्त काळ काम नसेल तर टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण लागेल तेवढंच करावं. तेलाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तकात असेल तेच धरावं. एका लिटरला पन्नासास एक म्हणजे २० मिलिलिटर तेल, आणि पंचवीसास एक म्हणजे ४० मिलिलिटर, हा हिशोब लक्षात असू द्या.

खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तेव्हा वर्षाची मोठी सफाई त्याच सुमाराला करावी. हळद-कुंकू वाहा, फूल वाहा. पण यंत्रावर लिंबू पिळू नका, आणि नारळाचं पाणी सांडलं तर लगेच पुसून घ्या. त्यातही क्षार असतात.

एक गोष्ट शेवटी सांगितली पाहिजे. यंत्र चांगलं झालं म्हणून झाड तोडायची घाई करू नये. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा १९६४ सालचा आहे. अनुसूचीतली झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी पाळून उजाड डोंगर हिरवे केले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. छाटणी, वाळलेली झाडं, वादळात पडलेली झाडं आणि वेडी बाभूळ एवढ्यालाच यंत्राला भरपूर काम आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• वजनाला हलकं आणि लिंबाच्या थेंबानं बुडबुडे येतात, ते मॅग्नेशियम.
• आंबट पदार्थ, ॲसिड, लोखंडी ब्रश, ग्राइंडर आणि गॅस वेल्डिंग वर्ज्य.
• पूड ओली ठेवून घासा. आग लागली तर कोरडी वाळू, पाणी नाही.
• खड्ड्याच्या तळापर्यंत सफाई, त्याच दिवशी अस्तर.
• हँडल, पाते आणि ब्रेक यांच्या जागी गंज असेल तर भाग बदला.
• यंत्र आपोआप चढ्या आवाजात पळू लागलं तर लगेच बंद करा.
• भुसा रोज काढा, टाकी रिकामी ठेवा, खतापासून यंत्र दूर ठेवा.

मंडळी, यंत्र हे बैलासारखंच आहे. कामावरून आल्यावर बैलाच्या खांद्याला हात लावून पाहणारा शेतकरी यंत्राकडेही तसंच पाहील, तर ते त्याला आणखी पुष्कळ वर्षं साथ देईल.